परफॉर्मन्स गाडीसाठी स्पार्क प्लगच्या वायर बदलायच्या आहेत. ८ मिमी घ्याव्यात की १० मिमी?

जाडीवर जाऊ नका. जाड वायरमध्ये बहुतेक वाढ असते ती वरच्या इन्सुलेशनची. आतला कोअर काय आहे ते आधी बघा. साध्या कार्बन कोअरचा रेझिस्टन्स फुटाला काही हजार ओहम असतो, स्पायरल वाउंड (गाभ्याभोवती बारीक तार गुंडाळलेल्या) वायरचा काहीशे किंवा त्याहूनही कमी, आणि तरीही ती रेडिओचा खरखराट आटोक्यात ठेवते. नुसत्या तांब्याच्या तारेची वायर मात्र ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) असलेल्या गाडीत नकोच. तिच्यात हा खरखराट अडत नाही आणि त्याने सेन्सरचे सिग्नल बिघडतात.

माझं मत विचाराल तर ८ किंवा ८.५ मिमी, सिलिकॉन आवरणाची स्पायरल वाउंड. हेडर (इंजिनमधून धूर बाहेर नेणारे खास एक्झॉस्ट पाइप) बसवले असतील तर खरा शत्रू उष्णता. बूट (वायरच्या टोकाची प्लगवर बसणारी टोपी) त्या पाइपाला टेकला की वितळतो, म्हणून बुटाचा कोन (सरळ, ४५ की ९० अंश) जुन्याशी ताडून घ्या, वर हीट स्लीव्ह (उष्णता अडवणारं आवरण) चढवा.

बदलताना एकेकच वायर काढा, नाहीतर फायरिंग ऑर्डर (कोणत्या सिलिंडरमध्ये कधी ठिणगी पडते तो क्रम) चुकलीच म्हणून समजा. बूट 'टक्' करून बसला पाहिजे. आणि हो, जुन्या वायर धड असतील तर नुसत्या नव्या घालून पॉवर वाढत नाही, पाकिटावर काहीही छापलेलं असो.