'येते' म्हणणं खोटं का?

प्रिय मनू,

परवा जुने फोटो बघताना तू संभाजीनगरच्या पैठण गेटच्या फोटोवर थांबलीस. आजी, मी, तू आणि मागे ती दगडी कमान. "इथे तू आजीला 'येते' म्हणालीस. पण आपण तर जात होतो. आणि तीन वर्षं झाली, परत गेलोच नाही. मग ते खोटंच ना?"

मला उत्तर सुचलं नाही. भाजी करपेल असं म्हणून मी उठले.

निघताना आपल्यात 'जाते' म्हणत नाहीत. मला कुणी कारण सांगितलं नव्हतं. लहानपणी एकदा 'मी जाते' म्हणाले, तेव्हा तुझ्या आजीने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला होता, एवढंच.

तू हेही विचारलंस, की भिंत नाही तर दरवाजा कशाला? भिंत होती गं. औरंगजेबाने शहराभोवती तट बांधला, ५२ दरवाज्यांचं शहर म्हणतात ते त्यामुळे. सगळ्यात जुना भडकल दरवाजा मात्र त्याच्याही आधीचा, १६१२ चा, मलिक अंबरने बांधलेला. त्यानेच १६१० मध्ये खडकी वसवली. पुढे तिचं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. पण पैठणच्या वाटेवरचा तो पैठण गेट आणि दिल्लीच्या वाटेवरचा दिल्ली गेट, ही नावं तशीच राहिली. जायचं कुठे, ते दरवाजाच सांगतो. मला हे फार आवडतं.

आमचं घर गुलमंडीच्या गल्लीत. माझी आत्या निघाली की तिच्या हातावर दही-साखर पडायची आणि तिला पोचवायला सगळी वरात पैठण गेटपर्यंत. रिक्षा तिथे मिळायची. एकदा ती दशम्यांचा डबा ओट्यावरच विसरली. आम्हाला कळलं तोवर ती कमानीपलीकडे पोचली होती. मी हाक मारणार तेवढ्यात आजीने माझं मनगट धरलं. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही! डबा घेऊन मी अनवाणी पळाले. बाहेर डांबर तापलेलं आणि कमानीखाली पाऊल ठेवलं की फरशी गारेगार. आत्याने डबा घेतला, माझ्या गालाला हात लावला आणि पुन्हा म्हणाली, "येते हं." दिवाळीला आली ती.

ती यायची. मी आले नाही. म्हणून तुझा प्रश्न लागला मला. तुझं अगदीच चूक आहे असंही म्हणवत नाही. पण 'जाते' माझ्या तोंडून निघणारच नाही, मनू. गेटपाशी आजीचा हात सोडताना तर नाहीच. तू 'बाय' म्हणालीस तरी आजीला चालतं, मलाही.

तिकिटं अजून काढलेली नाहीत. तुझी नाताळची सुट्टी कुठल्या तारखेला लागते, ते उद्या शाळेत विचारून ये.

तुझी,
आई