हप्त्यावरचा नवा ट्रॅक्टर की रोखीतला जुना?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: वर्षाला साधारण 500 तास ट्रॅक्टर चालतो. नवा, संगणकाच्या तालावर चालणाऱ्या इंजिनाचा ट्रॅक्टर घ्यायचा तर किमतीचा चौथा हिस्सा हातचा घालून बाकीच्यासाठी 9 टक्क्यांनी 5 वर्षांचं कर्ज काढावं लागेल. दुसरीकडे तेवढ्याच ताकदीचा, साध्या यांत्रिक पंपाचा, 5000 तास चाललेला जुना ट्रॅक्टर नव्याच्या 28 टक्के किमतीत मिळतोय. माझी शिल्लक नव्याच्या किमतीच्या 45 टक्के आहे. घरात नव्याचा आग्रह आहे, मला जुना पटतो. माझं चुकतंय का?

उत्तर: तुमचं चुकत नाही. फक्त ‘किंमत कमी’ एवढ्या एका कारणावर सौदा करू नका, कारण जुन्या ट्रॅक्टरचा खर्च खरेदीनंतर सुरू होतो. तुमच्या बाजूचं भक्कम कारण वेगळं आहे: ऐन हंगामात बंद पडलेला ट्रॅक्टर कोण चालू करू शकतं आणि किती वेळात.

आधी आकडे मांडू. नव्याची किंमत 100 धरतो, म्हणजे तुम्हाला मिळालेला भाव त्यात बसवता येईल. 75 चं कर्ज, 60 महिने, 9 टक्के: हप्ता महिन्याला 1.56, वर्षाला 18.7. पाच वर्षांत निव्वळ व्याज 18.4. पाच वर्षांनी ट्रॅक्टर 55 ला विकला जाईल असं धरलं तर घसारा 45. हातच्या 25 वर 6 टक्क्यांनी जे व्याज सुटलं असतं ते 8.5. देखभाल पहिली तीन वर्षं वर्षाला 2, पुढची दोन वर्षं वर्षाला 4, म्हणजे 14. विमा 5. सगळं मिळून 91.

आता जुना. खरेदी 28, आणि घेतल्या घेतल्या करायच्या कामांना 12: क्लच प्लेट, इंजेक्टरची नोझल, पंपाची तपासणी, पुढची टायरं, सगळी ऑइलं आणि फिल्टर. हे 12 बाजूला काढल्याशिवाय सौद्याला बसूच नका. पाच वर्षांनी 22 आले तर 18 गेले. 40 वरचं सुटलेलं व्याज 13.5. दुरुस्ती वर्षाला 5, म्हणजे 25. वर्षाचं डिझेल 12 चं आणि जुन्याला 8 टक्के जास्त लागतं असं धरा, पाच वर्षांत 5. विमा 2.5. बेरीज 64.

फरक 27 चा, वर्षाला 5.4. ट्रॅक्टर बंद असताना भाड्याने दुसरा आणायला दिवसाला 0.4 लागतात असं धरलं, तर जुना ट्रॅक्टर नव्यापेक्षा वर्षाला 13 दिवस जास्त बंद पडला की दोघांचा खर्च सारखा होतो. हे 13 तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे. घसारा, फेरविक्री, भाडं हे माझे अंदाज आहेत. तुमचे आकडे घालून हा एक आकडा पुन्हा काढा आणि मग जाणत्या फिटरला विचारा, हा ट्रॅक्टर इतके दिवस उभा राहील का.

मात्र सगळे दिवस सारख्या मोलाचे नसतात. नांगरट दोन दिवस पुढे गेली तर फारसं बिघडत नाही. पेरणीला वाफसा आला आणि ट्रॅक्टर उभा राहिला, तर तो दिवस भाड्यात मोजता येत नाही, कारण त्या दिवशी भाड्याचाही ट्रॅक्टर मोकळा नसतो. म्हणून बिघाड कुठल्या जातीचा आहे ते बघावं लागतं.

जुन्या इंजिनाचा नेहमीचा बिघाड घ्या. टाकी रिकामी झाली किंवा पाइपचं वॉशर सैल झालं की डिझेल लाइन हवा पकडते. इंजिन झटके देत बंद पडतं. अशा वेळी फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करायचा, हाताच्या पंपाने डिझेल ढकलत राहायचं, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की स्क्रू आवळायचा. तरी चालू झालं नाही तर इंजेक्टरकडच्या पाइपांचे नट अर्धा आटा सैल करून स्टार्टर मारायचा, डिझेल झिरपलं की आवळायचे. इंजिन चालू असताना मात्र त्या नटांजवळ हात न्यायचा नाही, दाबाखालचं डिझेल कातडीत घुसतं. दोन पाने आणि वीस मिनिटं पुरतात. निदानही डोळ्यांनी होतं: काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर इंजेक्शनची वेळ चुकतेय किंवा पाणी आत जातंय.

नव्या इंजिनात कॉमन रेलमधला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला दाब 1600 बारच्या वर जातो. जुन्या यांत्रिक इंजेक्टरचं तोंड 200 बारच्या आसपास उघडतं. एवढ्या दाबामुळे डिझेल बारीक फवारलं जातं, नीट जळतं, धूर कमी होतो. हा फायदा खरा आहे. पण त्याच दाबामुळे डिझेलमधला पाण्याचा थेंब किंवा बारीक कचरा इंजेक्टरला खाऊन टाकतो. त्यात धूर स्वच्छ करणारी यंत्रणा येते. काजळीचं फिल्टर स्वतःला जाळून साफ करतं, त्यासाठी 550 ते 600 अंशांची उष्णता लागते. ट्रॅक्टर रोज थोडा थोडा, कमी भारावर चालवला तर ती उष्णता येत नाही आणि फिल्टर तुंबतं. बऱ्याच इंजिनांना 32.5 टक्के युरियाचं द्रावणही लागतं. त्याची प्रत किंवा त्यामागचा सेन्सर संगणकाला खटकला की इंजिनाची ताकद टप्प्याटप्प्याने काढून घेतली जाते. इंजिन ठणठणीत असतं, पण औजार ओढत नाही.

इथे पैशाचा मुद्दा येतो. सेन्सर बदलणं हे काम छोटं आहे. पण कुठला सेन्सर हे कळायला कंपनीचं सॉफ्टवेअर असलेला लॅपटॉप लागतो, आणि काही भाग बसवल्यावर त्यांची संगणकाशी नोंद करावी लागते. तेवढा माणूस येईपर्यंत ट्रॅक्टर शेतात उभा. म्हणजे दुरुस्तीचा खर्च लहान आणि थांबण्याचा खर्च मोठा, असा उलटा प्रकार होतो. शेतकरी जुन्याकडे वळतात त्याच्या मुळाशी हेच आहे, आणि याला नुसती हौस किंवा सवय म्हणणाऱ्यांनी हंगामात थांबलेला दिवस मोजलेला नसतो. अमेरिकेत या प्रश्नावर कायदा झाला: कोलोराडो राज्याने 2023 मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क मंजूर केला, तो 1 जानेवारी 2024 पासून लागू आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी 2025 मध्ये दुरुस्तीवरच्या बंधनांवरून जॉन डीअर कंपनीवर दावाही लावला. तुमच्यासाठी यातून कामाचा प्रश्न एकच. नव्याचा भाव विचारताना लेखी मागा: बिघाडाचे कोड मला किंवा माझ्या फिटरला वाचता येतील का, त्याचं साधन विकत मिळतं का, आणि हंगामात तंत्रज्ञ किती तासांत येतो. आणखी एक, धुराची यंत्रणा काढून टाकून देतो म्हणणारा भेटला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते आणि असा ट्रॅक्टर पुढे विकताना अडतो.

वर्षाला 1000 तास काम असतं तर माझं उत्तर इतकं ठाम नसतं. तेव्हा जुन्याची दुरुस्ती आणि जादा डिझेल दुप्पट धरावं लागतं, नव्याचा घसाराही वाढतो, आणि माझ्या हिशोबात फरक 27 वरून 15 वर येतो. वर्षाला सात-आठ जादा दिवस बंद पडला की तोही संपला. दिवसभर भाड्याची कामं घेणाऱ्याला, किंवा पगारी चालक ठेवणाऱ्याला, नवा परवडू शकतो. घरात हाताने काम करणारं कुणी नसेल आणि चांगला फिटर लांब असेल तरीही. तुम्ही 500 तासांवर आहात, आणि तुमची मोठी जोखीम हप्त्याची आहे: पीक गेलं तरी 18.7 भरावेच लागतात. जुन्याचा क्लच एक हंगाम पुढे ढकलता येतो, हप्ता ढकलता येत नाही.

आता हा ठरावीक ट्रॅक्टर घेण्याजोगा आहे का ते बघा. इंजिन थंड असताना पोहोचा आणि आधी हात लावून बघा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. चालू झाल्यावर ऑइलचं झाकण काढा. धूर भसाभस बाहेर येत असेल तर बॅक कंप्रेशन आहे, म्हणजे लायनर-पिस्टनचं काम जवळ आलंय. भाव त्या कामाच्या खर्चाएवढा खाली आणा किंवा सोडून द्या. गेजवरचं ऑइल दुधाळ असेल तर पाणी मिसळतंय, हेड गॅस्केटपासून सुरुवात करून काहीही निघू शकतं. मागे जड औजार उचलून इंजिन बंद करा आणि पंधरा मिनिटं बघा. औजार झरझर खाली आलं तर हायड्रॉलिकची सील किंवा व्हॉल्व्ह गेलाय. औजाराखाली मात्र जाऊ नका. चढावर भार देऊन गिअर सुटतो का पाहा. पुढचा एक्सल उचलून चाक हलवा. टायरवरचे शेवटचे चार अंक वाचा, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. घड्याळात 5000 तास आणि पेडल मात्र झिजून गुळगुळीत, असं असेल तर घड्याळावर विश्वास नको. चासी आणि इंजिनाचे नंबर कागदांशी जुळवा, आणि कर्जाचा बोजा उतरल्याचं पत्र हातात आल्याशिवाय रक्कम देऊ नका.

याआधी एक काम घरी बसून करा. हेड गॅस्केट, वॉटर पंप, क्लच प्लेट, पंपाचे एलिमेंट, लायनर-पिस्टन संच: पाचही भाग आज मागवले तर किती दिवसांत मिळतात ते विचारा. एखादा महिनाभर मिळत नसेल तर तो ट्रॅक्टर कितीही साधा असला तरी तुमच्या कामाचा नाही. मिळत असतील तर घेतानाच डिझेल फिल्टर, फॅनबेल्ट, रबरी होज, एक इंजेक्टर आणि तांब्याची वॉशरं घरात ठेवा.

पैशाची शिस्त अशी ठेवा. 45 पैकी 40 गेल्यावर 5 उरतात, ते ताबडतोब काढता येतील अशा खात्यात राहू द्या. मग दरवर्षी पीक विकल्यावर 10 बाजूला काढा, म्हणजे नव्याच्या हप्त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. त्यातले 5 दुरुस्तीत जातील. पाच वर्षांनी उरलेले 25, आधीचे 5 आणि ट्रॅक्टरचे 22 मिळून निम्म्या किमतीहून जास्त रक्कम हातात असेल, वर व्याज. तेव्हा नवा घ्यावासा वाटला तर कर्ज 75 ऐवजी 48 च्या आत बसेल. हे 10 बाजूला निघणार नसतील तर जुना घेण्याचा अर्धा फायदा गेलाच म्हणून समजा.

माझ्या 12 मध्ये न धरलेला एक खर्च आहे, आणि तो टाळू नका. उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट जुन्या ट्रॅक्टरवर बरेचदा नसते. त्या मॉडेलसाठी बनवलेली चौकट आणि सीटबेल्ट दोन्ही लावा, पीटीओ शाफ्टवर, म्हणजे औजाराला ताकद देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, आवरण बसवा. घरी वेल्डिंग करून केलेली चौकट चालणार नाही, उलटताना ती कुठे मुडपेल ते सांगता येत नाही. यासाठी 2 लागले तरी वर्षाचा फरक 5.4 वरून 5 वर येतो, एवढंच.

घरच्यांचा आग्रह सरळ ओळींसाठी आणि कमी थकव्यासाठी असेल तर तो रास्त आहे. जीपीएसवर चालणारं, स्टेअरिंगला मोटर जोडणारं किट जुन्या ट्रॅक्टरवरही बसतं. पॉवर स्टेअरिंग असलं तर उत्तम. मात्र आधी स्टेअरिंगमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढा आणि बारा व्होल्टची वायरिंग नीट करून घ्या, नाहीतर किट ओळ सोडत राहील. पहिला हंगाम त्याशिवाय काढा, ट्रॅक्टर ओळखीचा होऊ द्या, मग किटसाठी त्याच 10 मधून पैसे काढा. किट बंद पडलं तर हाताने स्टेअरिंग धरून पेरणी पुरी करता येते.