आधी विचार, मग हात लाव

बाळा,

तुझा मेसेज वाचला. तू ज्यांना सांभाळायला जातोस ते आजोबा पाणीच पीत नाहीत आणि त्यांच्या घरचे तुलाच बोलायलेत. फोनवर सांगितलं असतं पण तू त्यांच्या उशाशी बसलेला असतोस, आणि ही गोष्ट त्यांच्यासमोर बोलायची नाही, म्हणून लिहायलेय.

ते हट्टी नाहीत रे. पाणी प्यायलं की लघवीला लागते, लागली की तुला हाक मारायची, आणि तू मोबाईलमधून मान वर करून म्हणणार "आत्ताच तर नेलं होतं की" (मीपण म्हणायची, खोटं कशाला बोलू). अख्खी उमर मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवलेला माणूस, त्याला पोराच्या वयाच्या माणसापुढे हे सांगायची लाज वाटते, मग तो सरळ तहानच मारतो.

आता सोलापूरचा उन्हाळा, पारा बेचाळीसच्या वर जातो. त्यात वय झालं की तहान आपोआप कमी लागते. मग एक दिवस आजोबा अचानक काहीबाही बडबडतात, माणसं ओळखत नाहीत, घरचे म्हणतात म्हातारपण आलं. तसं एकाएकी झालं तर वयावर ढकलू नकोस, शरीरातलं पाणी कमी झालेलं असू शकतं नाहीतर लघवीचं इन्फेक्शन, त्याच दिवशी डॉक्टरांना सांग.

म्हणून त्यांनी मागायची वेळच येऊ देऊ नकोस. दर दोन तासांनी तूच म्हण, "चला आजोबा, जरा पाय मोकळे करू," आणि वाटेत बाथरूम आहेच. रात्री युरीन पॉट हाताला लागेल असा ठेव, वर फडकं टाक, पाहुणे आले तर दिसायला नको. आणि ते लहान मुलांचं सिपर बंद कर, हात थरथरत असला तरी त्यांचा तांब्या-पेला दे, सांडलं तर पुसू. फक्त हार्ट किंवा किडनीसाठी डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलंय का ते आधी विचारून घे.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीला सोलापूरच्या पूर्व भागात मी एका आजींकडे कामाला होते, त्या तेलुगू बोलायच्या. त्या दिवशी नळाला पाणी आलेलं, माझी घाई, दार उघडं ठेवूनच डायपर बदलला, बाहेर हॉलमध्ये जावई बसलेला. आजी ओरडल्या नाहीत. दोन दिवस माझ्या हातचं जेवल्या नाहीत, बस. मला वाटलं भूक नाही, सुनेने सांगितलं तेव्हा कळलं. मग मी दोन शब्द शिकले, नीळ्ळु म्हणजे पाणी, नोप्पी म्हणजे दुखणं, आणि हात लावायच्या आधी विचारायला लागले. तेव्हापासून स्पंज करताना अंगावर चादर असतेच, जेवढं पुसायचं तेवढंच उघडं, ते पुसून झाकलं की मग पुढचं. वेळ लागतो, लागू दे.

आणि त्यांच्या उशाशी उभं राहून "यांना आज संडास झाली का" असलं घरच्यांशी बोलू नकोस. ऐकू कमी येतं, पण एवढं बरोबर ऐकू येतं बघ.

घरातलंच कुणी हात उचलतंय, उपाशी ठेवतंय असं दिसलं तर 14567 ला फोन लाव, ज्येष्ठांसाठीची हेल्पलाईन आहे, पैसे पडत नाहीत.

दाढीचं तू विचारलंस. ट्रिमर राहू दे, त्यांना आरसा धरून दे, जमेल तेवढी ते करतील, हनुवटीखालची तू कर. रविवारी फोन कर, पण सकाळी नको, आमच्याकडे पाणी यायचा दिवस आहे.

मावशी