वृद्धाश्रमात भजन, खेळ यांसारखे कार्यक्रम असल्यास तिथल्या वृद्धांचे नैराश्य कमी होते का?

होय, कमी होऊ शकते. मात्र कार्यक्रम किती आहेत यापेक्षा त्यात त्या व्यक्तीच्या हाताला काही काम आहे की नाही, यावर ते अधिक अवलंबून असते. नैराश्यात माणूस आवडीच्या गोष्टी सोडतो, त्या सुटल्या की समाधानाचे क्षण घटतात आणि मन आणखी खचते. रोज ठरलेल्या वेळी केलेली छोटी कृतीही हे चक्र सैल करते, आणि नैराश्यावरील एका मान्य मानसोपचारपद्धतीचा पाया हाच आहे. रत्नागिरीकडच्या एका वृद्धाश्रमात समुपदेशनासाठी जाताना मी पाहते की, खुर्च्या मांडून ऐकवलेल्या भजनात डुलक्या घेणाऱ्या आजी आमसुले करायला बसल्या की, रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) साली आगळात, म्हणजे त्याच्याच खारवलेल्या रसात, किती वेळा बुडवून वाळवायच्या यावरून सेविकेशी हुज्जत घालतात. (अशी हुज्जत मला टाळ्यांपेक्षा आशादायक वाटते.) तथापि उदासी, झोप-भूक मंदावणे हे दोन आठवडे टिकल्यास, किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलणे एकदाही कानावर आल्यास, कार्यक्रमांवर विसंबून न राहता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे; मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलि-मानस’ या दूरध्वनी-सेवेचा १४४१६ हा शासकीय क्रमांक निःशुल्क आहे. थायरॉइड आणि श्रवणशक्तीही तपासून घ्यावी, कारण ऐकू न येणाऱ्याला घोळक्यात अधिकच एकटे वाटते.