डी अँड डीमधे ड्रुइड दर लढाईत आठ लांडगे बोलावतो, कंज्युअर ॲनिमल्स बॅन करावा का?

तुमची अडचण मला समजली ती अशी. ५ प्लेअर, डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे डी अँड डीचं २०१४ चं प्लेअर्स हँडबुक (नियमांचं पुस्तक), ड्रुइड (निसर्गाची जादू करणारं कॅरेक्टर) ५व्या लेव्हलला पोचला, कंज्युअर ॲनिमल्स हा प्राणी बोलवायचा स्पेल मिळाला आणि तेव्हापासून प्रत्येक लढाईत पहिल्याच टर्नला ८ लांडगे, बाकीचे चौघं मोबाईल काढून बसतात. आणि ७व्या लेव्हलला कंज्युअर वुडलँड बीइंग्ज (फे म्हणजे परीलोकातले जीव बोलवायचा स्पेल) घेऊन ८ पिक्सी (छोट्या पऱ्या) बोलवायच्या, त्या सगळ्या पार्टीला पॉलिमॉर्फ करणार म्हणजे मोठ्या प्राण्यात बदलणार, हा त्याचा पुढचा प्लॅन आहे.

बॅन नका करू. हा स्पेल ताकदीमुळे जड होत नाही, टर्नच्या संख्येमुळे होतो. संख्या आवरली की बाकी सगळं बरंचसं जागेवर येतं, आणि प्राणी बोलावण्यातली मजा पण राहते, जिच्यासाठी बऱ्याच जणांनी ड्रुइड घेतलेला असतो.

आधी स्पेलचा मजकूर नीट वाचू, कारण निम्मी भांडणं इथेच होतात. प्लेअर काय निवडतो? चार पर्यायांपैकी एक. सीआर (प्राणी किती ताकदवान त्याचा आकडा) २ किंवा कमीचा १ प्राणी, सीआर १ चे २, सीआर १/२ चे ४, किंवा सीआर १/४ चे ८, सगळीकडे 'किंवा कमी' आहेच. बस, एवढंच. कोणता प्राणी येणार हे स्पेलमधे प्लेअरच्या हातात दिलेलंच नाहीये, आणि खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टच्या सेज ॲडव्हाइसमधे (नियमांचे अधिकृत खुलासे) पण हेच स्पष्ट केलंय की पर्याय प्लेअरचा आणि प्राणी डीएमचा (डंजन मास्टर, खेळ चालवणारा, म्हणजे तुम्ही). म्हणजे 'मी ८ लांडगे बोलावतो' हे वाक्य नियमाने होतच नाही, 'मी सीआर १/४ चे ८ बोलावतो' असं होतं आणि मग काय आलं ते तुम्ही सांगता.

पण हा अधिकार मिळाला म्हणून लगेच त्याला ८ बेडूक पाठवू नका. 'किंवा कमी' या शब्दांवर बोट ठेवून सीआर ० चे प्राणी पाठवणारे डीएम असतात, आणि ते मला अजिबात पटत नाही, कारण त्या पोराने ३ऱ्या लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) आणि कॉन्सन्ट्रेशन (एका वेळी एकाच स्पेलवर ठेवता येणारं लक्ष) दोन्ही खर्च केलंय, त्याला त्याचं मोल मिळालंच पाहिजे. मी असं करतो की सेशनच्या आधीच प्रदेशानुसार एक छोटी यादी प्लेअरसोबत बसून बनवतो. जंगलात लांडगे, रानडुक्कर, पँथर, दलदलीत मोठे बेडूक आणि अजगर, डोंगरात जायंट आउल असं. त्याला माहीत असतं साधारण काय येऊ शकतं, मला माहीत असतं काय येणार, आणि टेबलवर मॉन्स्टर मॅन्युअल चाळण्यात वेळ जात नाही. यादी बनवताना एक लक्षात ठेवा, सीआर सारखा म्हणजे प्राणी सारखे असं नसतं. जायंट पॉयझनस स्नेक पण सीआर १/४ चाच आहे, पण त्याचा अटॅक +६ (२० बाजूंच्या फाशात मिळवायचे) आणि चाव्यावर सरासरी ६ डॅमेज, वर डीसी ११ चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (वाचायला फाशाने ११ तरी गाठायचे) हुकला तर अजून ३डी६ (सहा बाजूंचे ३ फासे) विष, सेव्ह झाला तरी अर्धं लागतंच. लांडगे जड जातायत म्हणून साप दिलेत तर आगीतून फुफाट्यात.

आता लांडग्याचं गणित बघू. अटॅक +४, डॅमेज २डी४+२ म्हणजे सरासरी ७. शत्रूचा एसी (मार लागायला गाठायचा आकडा) १५ धरला तर ११ किंवा जास्त पडायला हवं, म्हणजे ५० टक्के. पण पॅक टॅक्टिक्स या लांडग्याच्या गुणामुळे शत्रूच्या शेजारी एक साथीदार असला की ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा) मिळतो आणि तेच ७५ टक्के होतात. ८ लांडगे गुणिले ०.७५ गुणिले ७ म्हणजे एका राउंडला ४२ डॅमेज, क्रिटिकल (२० पडल्यावरचा जादा मार) धरलेच नाहीत, आणि वर प्रत्येक चाव्याला डीसी ११ चा स्ट्रेंग्थ सेव्ह, हुकला की शत्रू आडवा. त्याच लेव्हलच्या स्लॉटचा फायरबॉल सरासरी २८ करतो, एकदाच. फायरबॉल अनेकांना लागतो हे खरं, पण लांडगे पुढच्या राउंडला परत चावतात, स्पेल तासभर टिकतो, आणि शिवाय ११ एचपीचे (मार सोसायची ताकद) आठ म्हणजे ८८ एचपीची भिंत पार्टीच्या पुढे उभी राहते ती वेगळीच.

हे ५व्या एडिशनमधेच (२०१४ ची हीच) एवढं का टोचतं तर इथे एसी फार वर जात नाही. लेव्हल कितीही वाढली तरी +४ वाला लांडगा बऱ्याच राक्षसांना अधूनमधून लागतोच, म्हणून स्वस्त आणि भरपूर हे गणित कधी जुनं होत नाही. आधीच्या ३.५ एडिशनमधे मोठ्या शत्रूंचे एसी ३० च्या वर जायचे, किरकोळ प्राण्यांना २० पडल्याशिवाय लागायचंच नाही, शिवाय समन मॉन्स्टर आणि समन नेचर्स ॲली हे तिथले बोलवायचे स्पेल टाकायला अख्खा राउंड लागायचा, त्यात मधेच कोणी मारलं तर स्पेल जायची भीती, आणि टिकायचा लेव्हलला १ राउंड एवढाच. पाथफाइंडर २ या दुसऱ्या खेळाने तर किंमत ॲक्शनमधेच वसूल केलीय, बोलवायला ३ ॲक्शन म्हणजे पूर्ण टर्न, नंतर दर टर्नला १ ॲक्शन सस्टेनला (स्पेल टिकवायला) आणि त्या बदल्यात प्राण्याला २ ॲक्शन. २०१४ च्या कंज्युअर ॲनिमल्सला असली कुठलीच किंमत नाही. तोंडी हुकूम द्यायचा, त्याला ॲक्शनसुद्धा लागत नाही.

डॅमेज एकवेळ सांभाळता येतं हो, पण खरा त्रास वेळेचा आहे. ॲडव्हांटेज म्हणजे प्रत्येक लांडग्याचे २ फासे, आठांचे १६, मग डॅमेज, मग सेव्ह, मग कोण कुठल्या चौकोनात उभा आहे. पंगतीत वाढपी एकाच पानासमोर बसून राहिला तर बाकीचे उठून जाणारच, तुमचे चौघं मोबाईल काढतात ते यामुळेच. त्यांना लांडग्यांचा राग नाहीये, त्यांची टर्न येत नाहीये.

मी काय करतो ते सांगतो. पहिलं म्हणजे कमाल ४ प्राणी, हा टेबलचा नियम. आणि गंमत म्हणजे हा नियम स्पेलच्या आतच छान बसतो, नवीन काही लिहावं लागत नाही. ३ऱ्या लेव्हलच्या स्लॉटला सीआर १/२ चे ४. ५व्या लेव्हलच्या स्लॉटला संख्या दुप्पट होते, म्हणजे सीआर १ चे २ चे ४ झाले. ७व्याला तिप्पट, सीआर २ चे ३. ९व्याला चौपट, सीआर २ चे ४. बघा, पूर्ण कॅम्पेनभर चारच्या वर जावं लागत नाही आणि प्राणी मात्र मोठे होत जातात, जे प्लेअरला पण आवडतं. उलट पुस्तकाप्रमाणे सोडलंत तर ५व्या लेव्हलच्या स्लॉटला १६ लांडगे येतात, वरच्याच हिशोबाने राउंडला ८४ डॅमेज. त्याऐवजी ४ डायर वुल्फ धरा, +५ चा अटॅक, सरासरी १० डॅमेज, पॅक टॅक्टिक्ससकट साधारण ३२ पडतं. ड्रुइडच्या वाट्याला तरी ३७ एचपीचे चार दणदणीत प्राणी आले, आणि टेबल जिवंत राहिलं.

दुसरं, पुस्तकात प्राण्यांचा वेगळा इनिशिएटिव्ह (टर्नचा क्रम) आहे, तो मी काढून टाकतो. प्राणी ड्रुइडच्या लगेच नंतर हलतात, टाशाज कॉल्ड्रन या नंतरच्या पुस्तकातल्या समन स्पेल्समधे असंच आहे. हुकूम एका वाक्याचा, 'त्या शमनला पाडा' एवढा चालेल, प्रत्येक प्राण्याला वेगवेगळा बुद्धिबळाचा डाव नाही, एक राउंड ६ सेकंदांचा असतो. आणि प्राण्यांचे फासे बाकीच्या प्लेअर्सना वाटून द्या. चार प्राणी चार जणांकडे, प्रत्येकाच्या हातात एसी, एचपी, अटॅक लिहिलेलं छोटं कार्ड. हे नक्की करून बघा, बाकी काही नाही केलंत तरी हे करा. जो फायटरवाला वैतागलेला असतो तोच मग 'माझं अस्वल' म्हणायला लागतो.

कधी कथेसाठी आठ लागलेच तर डंजन मास्टर्स गाइडमधे झुंडीचा नियम आहे, तो वापरा. शत्रूच्या एसीमधून अटॅक बोनस वजा करायचा, आलेला आकडा ६ ते १२ मधे असेल तर दर २ हल्लेखोरांमागे १ हिट, फासे टाकायचेच नाहीत. १५ वजा ४ म्हणजे ११, आठांपैकी ४ हिट, २८ डॅमेज, पुढे चला. यात पॅक टॅक्टिक्स धरलेलं नाही, म्हणून मी एक हिट वाढवून देतो.

शत्रूंकडून तोड काढायची असेल तर ती नियमात भरपूर आहे. फायरबॉलमधे सेव्ह झाला तरी सरासरी १४ डॅमेज, लांडगा ११ लाच जातो. ड्रुइडला एक बाण लागला की डीसी १० किंवा अर्धं डॅमेज यातलं जास्त ते कॉन्सन्ट्रेशनला, तुटलं की सगळे गायब. सायलेन्स स्पेलमधे प्राणी बहिरे, हुकूम ऐकूच जाणार नाही. अरुंद बोळात आठांना उभं राहायला जागा नाही. लांडग्याचा चावा मॅजिकल नसतो त्यामुळे बऱ्याच मोठ्या राक्षसांवर अर्धाच लागतो, अर्थात तुमचा ड्रुइड सर्कल ऑफ द शेफर्ड या उपप्रकाराचा असेल तर ६व्या लेव्हलपासून प्राण्यांचे चावे मॅजिकल होतात आणि दर हिट डायला (प्राण्याचे एचपी ठरवणारा फासा) २ एचपी वाढतात, तेव्हा चारची मर्यादा अजूनच गरजेची. फक्त हे उपाय दर लढाईत नका वापरू. प्रत्येक गोब्लिन टोळीत अचानक फायरबॉलवाला निघायला लागला की प्लेअरला कळतं की डीएम आपल्यावर डूख धरून आहे, आणि तिथून खेळाचा विश्वास जातो.

लढाईबाहेर मात्र मी चारची मर्यादा लावत नाही. ८ जायंट आउल आले आणि पार्टी दरीपार उडून गेली तर जाऊ द्या की, तिथे कोणाची टर्न अडत नाही आणि असे प्रसंग लोक वर्षानुवर्षं आठवतात. म्हणूनच मला २०२४ च्या हँडबुकमधला नवीन कंज्युअर ॲनिमल्स तितका आवडत नाही. तिथे खरे प्राणीच येत नाहीत, एक आत्म्यांचा कळप येतो, जवळ आलेल्याला डेक्स्टेरिटी सेव्ह, हुकला तर ३डी१० डॅमेज. टेबलवर वेगवान आहे, मान्य, पण त्यावर बसून कुठे जाता येत नाही. टाशामधले समन बीस्ट आणि समन फे मला जास्त बरे वाटतात, एकच प्राणी, त्याचा एसी आणि एचपी स्लॉटप्रमाणे वाढतो. तुमच्या प्लेअरला विचारा, कदाचित तो स्वतःच बदलून घेईल.

राहिल्या पिक्सी. त्याचा प्लॅन असा की प्रत्येक पिक्सीकडे दिवसाला एकदा पॉलिमॉर्फ, ८ पिक्सी म्हणजे ८ पॉलिमॉर्फ, ७व्या लेव्हलला सीआर ७ चा जायंट एप चालतो, त्याचे १५७ एचपी, पाच जणांचे मिळून ७८५. एका ४थ्या लेव्हलच्या स्लॉटमधे. इथे मी स्पष्ट नाही म्हणेन आणि तुम्ही पण म्हणा, कारण इथे टर्नचा नाही, सरळ ताकदीचाच प्रश्न आहे, आणि कुठले फे येणार हे पुन्हा डीएमच ठरवतो. सीआर १/४ मधे स्प्राइट आणि ब्लिंक डॉग पण आहेत, ते पाठवा, ते पण छानच आहेत. एखादी पिक्सी मिसळली, तिने एकाला पॉलिमॉर्फ किंवा फ्लाय दिला, तर काही बिघडत नाही. पण हे त्याला ७वी लेव्हल यायच्या आधी सांगा, स्पेल टाकल्यावर नाही. 'तू प्लॅन भारी शोधलास, पण असं झालं तर बाकी चौघांच्या कॅरेक्टरला काही अर्थ उरणार नाही, म्हणून मिक्स येईल, आणि यामुळे तुला दुसरा स्पेल घ्यायचा असेल तर घे' एवढं सरळ बोललात की बहुतेक जण ऐकतात. नाहीच ऐकलं तर समन फे द्या त्याला, ३ऱ्या लेव्हलचाच आहे, ४थ्या स्लॉटला टाकला की एकच फे येतो पण टर्नला दोनदा मारतो.