हालचाल आधी मी ठरवतो की माझा मेंदू?

'हात उचलायचं मी ठरवतो, की त्याआधीच मेंदूने ठरवलेलं असतं?' असं तुम्ही विचारलंय. कोर्नह्युबर आणि डेके या मेंदूसंशोधकांनी १९६५ साली दाखवून दिलं, की माणूस आपणहून बोट हलवतो त्याच्या साधारण सेकंदभर आधीच मेंदूत विजेचा संथ चढ सुरू झालेला असतो. त्यावरून लोक इच्छास्वातंत्र्याचा वाद घालत बसतात. मला तो वाद पोकळ वाटतो. मनात ठरलंय आणि पाऊल निघत नाही, हे मी घरात पाहिलंय.

बाबा मालवणजवळचे, जन्मभर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढलेली. पार्किन्सन्स झाला आणि पडवीतून माजघरात जाताना दाराशी पाय जमिनीला चिकटायला लागले. अंग पुढे झुकायचं, गुडघे थरथरायचे, पाऊल नाही. आणि हेच बाबा घरामागची जांभ्याची पाखाडी, चांगल्या चाळीसेक पायऱ्या, न थांबता चढायचे! काका म्हणाले, "पाखाडी चढाक येता आणि उंबरठो ओलांडूक जमना नाय? सगळी नाटकां." एकदा चिडून त्यांनी बाबांना हात धरून ओढलं. बाबा तोंडावर पडले. कपाळाला चार टाके.

नाटक नव्हतं ते. मेंदू एका वेळी अनेक हालचाली तयार ठेवतो. आत खोलवरचा बेसल गँग्लिया त्या सगळ्यांना आवरून धरतो, बंदरात होड्या बांधून ठेवतात तशा, आणि हवी त्याच होडीची गाठ सोडतो. ती सुटायला डोपामिन नावाचं मेंदूतलं रसायन लागतं. पार्किन्सन्समध्ये ते बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. सवयीचं, आपसूक चालणं या वाटेवर फार अवलंबून. समोर पायरीची कड दिसली, की नजरेच्या आधाराने पाऊल टाकायची दुसरी वाट मदतीला येते, असं मानतात. अरुंद दाराशी उलट होतं, तिथेच पाय जास्त अडतात.

डॉक्टरांनी हे समजावल्यावर मी दाराच्या अलीकडे-पलीकडे पावलापावलाच्या अंतरावर पांढरे पट्टे रंगवले. बाबा पट्टा ओलांडायचा म्हणून पाय उचलायचे आणि आत यायचे. पहिल्या दिवशी आई रडली.

तुमच्या घरी कुणी असं अडलं तर ओढू नका. क्षणभर थांबू द्या, वजन एका पायावर घ्यायला सांगा, मग 'एक, दोन' मोजा. पट्टे सगळ्यांना लागू पडत नाहीत, बाबांनाही पुढे पुढे कमीच उपयोग झाला. गोळ्या मात्र वेळच्या वेळी हव्यातच. आणि प्रत्येक अडखळणं पार्किन्सन्स नसतं, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवा.

काका मुंबईत बसून माझं लिहिलेलं वाचतात, मला ठाऊक आहे. काकानू, बाबा त्या दिवशी पाय उचलूकच बघी होते.