घरी ब्रा शिवताना कडांना काय लावावं, उरेब पट्टी, फोल्डचं इलास्टिक की साधं इलास्टिक?

तुम्ही विचारलंय की ब्लाउज चांगले जमतात, आता कॉटनची ब्रा शिवायला घेतलीय, मशीन साधी सरळ टिपेची आहे, तर कडांना ब्लाउजसारखी उरेब पट्टी, म्हणजे तिरप्या कापलेल्या कापडाची पट्टी, लावून चालेल का. काही ठिकाणी चालेल, पण सगळीकडे लावलीत तर उसवावी लागेल. मी पाच-सहा वर्षं स्वतःपुरत्या शिवते आणि पहिल्या दोन वाया गेल्या त्या या कडांपायीच, कप चांगले आले होते हो.

पहिलीला मी सगळीकडून टू बाय टूची (ब्लाउजच्या सुती कापडाची) उरेब पट्टी लावली, आतून हातशिलाई, इतकी सुबक की बहिणीला फोटो पाठवला. घातल्यावर दुपारपर्यंत गळा असा सुटला की वाकायची सोय नाही. पाठीला होजिअरीचं कापड होतं, ते ताणायचं पण वरची सरळ टीप ताणेना, हुक लावताना कटकट आवाज करत दोरा तुटला. उरेब कापड ताणलं जातं खरं पण इलास्टिकसारखं मागे येत नाही, ब्लाउजमध्ये हे कळत नाही कारण तिथे कडेला फारसं काही ओढायचंच नसतं.

तेव्हापासून मी अख्ख्या ब्रासाठी एकच फिनिश ठरवत नाही, एकेक कड घेते आणि बघते की ही ताणून परत यायला हवी की जागची हलायला नको. पाठीचा पट्टा, काखेखालची बाजू आणि खालची कड ताणून परत यायला हवी. दोन कपांना जोडणारा मधला तुकडा आणि कपांचा खालचा भाग जागचा हलायला नको. गळा दोन्हीच्या मधला.

खालच्या कडेवर सगळा भार असतो म्हणून तिथे 12 ते 18 मिमी रुंदीचं, एका बाजूने मखमलीसारखं मऊ आणि एका कडेला बारीक नक्षी असलेलं इलास्टिक घ्या, दुकानात ब्रा इलास्टिक म्हणून मागितलं की दाखवतात. लावायचं दोन टिपांत. आधी कापडाच्या सुलट बाजूवर मऊ बाजू वर ठेवून, इलास्टिकची सरळ कड कापडाच्या कडेशी आणि नक्षीची कड आतल्या बाजूला, नक्षीच्या अगदी जवळून बारीक झिगझॅग. मग सगळं आत दुमडायचं म्हणजे मऊ बाजू अंगाला लागते आणि बाहेरून फक्त नक्षी डोकावते, आणि त्यावर रुंद झिगझॅग. पहिल्यांदा उलटं वाटतं, मी तर एकदा नक्षी बाहेरच्या बाजूला ठेवून पूर्ण शिवलं आणि दुमडल्यावर ती आत गायब.

दुसरी ब्रा इथेच बिघडली. इलास्टिक सगळीकडे सारखंच ओढलं आणि कपाखाली अशा चुण्या पडल्या की बटव्यासारखं दिसायला लागलं. मधल्या तुकड्याला आणि कपाखाली इलास्टिक अजिबात ओढायचं नाही, जितकं कापड तितकंच. ओढायचं ते कप संपल्यावर, बाजूपासून हुकपर्यंत, तिथे कापडाच्या साधारण 85 ते 90 टक्के लांबीचं घ्यायचं. टाचण्या लावून आधीच वाटून घ्या, मशीनवर बसून अंदाजाने ओढू नका. काखेला 8-10 मिमीचं पुरतं.

मधोमध दुमडायची रेघ असलेलं फोल्डचं इलास्टिक मला गळ्याला आणि तारा नसलेल्या मऊ ब्रांना फार आवडतं, कापडाची कड त्यात घातली, वरून एक झिगझॅग, काम संपलं. पण पॅटर्नमध्ये त्या कडेला सोडलेली माया (शिलाईसाठीचं जादा कापड) आधी कापून टाका, नाहीतर गळा तेवढाच वर चढतो. गळ्याला ते जवळजवळ न ओढता लावा, जास्त ओढलंत तर ते छातीत रुततं आणि कपड्यावरून वळ दिसतो. लेसचा कप असेल तर लेसची नक्षीदार कड तशीच ठेवा, फक्त आतून बारीक नेटची पट्टी न ओढता शिवा म्हणजे सैल पडणार नाही.

उरेब पट्टी कुठे? आतल्या शिलाया झाकायला. कपाच्या मधल्या शिलाईवर आतून मऊ कॉटनची पट्टी टाकली की घामाच्या दिवसात काचत नाही, मुंबईच्या मे महिन्यात हा फरक कळतो. न ताणणाऱ्या कापडाच्या कपाला गळ्याशीही चालते, फक्त कडेपेक्षा किंचित आखूड कापा. आणि कपाला अस्तर असेल तर पट्टीही नको, सुलट बाजू एकमेकींवर ठेवून गळ्याला टीप मारा, उलटवा, माया अस्तराकडे दाबून आणखी एक टीप, मग अस्तर बाहेर डोकावत नाही.

आता मशीनचं. सरळ टिपेवर इलास्टिक टिकत नाही, हे मी रेटून बघितलंय. पण साडीला पिको-फॉल करून देणाऱ्या बाईंकडे असते ती झिगझॅगचीच मशीन! मी पहिली दोन वर्षं टाचण्या लावून, धावदोरा घालून त्यांच्याकडेच न्यायचे, समोर बसून दोन टिपा मारून घ्यायच्या. नाहीच कुणी तर हाताने हेरिंगबोन टाका (तिरप्या, एकमेकांवरून जाणाऱ्या फुल्यांचा) घाला, वेळ खातो पण ताणतो. होजिअरीला बॉलपॉइंटची, म्हणजे गोलसर टोकाची, 11 नंबरची सुई लावा, साध्या सुईने टाके सुटतात.

पुण्यात असाल तर रविवार पेठेत बोहरी आळीत हे सगळं मिळतं. दुकानातच इलास्टिक दुप्पट ताणून सोडा, लांबच राहिलं तर घेऊ नका. आणि पहिली ब्रा काळी नको, काळ्यावर काळा दोरा उसवताना डोळे जातात.